होम थिएटरवर गाणं का पडतं?

घरात पाच छोटे स्पीकर आणि खर्जासाठी एक मोठा वूफर असा सेट असलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. सिनेमा लावला की भिंती हादरतात, आणि गाणं लावलं की आवाज पातळ, कोरडा, टीव्हीखाली कुठेतरी अडकल्यासारखा. आमच्याकडे असा सेट २००६ च्या दिवाळीत आला. पहिल्याच संध्याकाळी हेलिकॉप्टरचा सीन अख्ख्या सोसायटीला ऐकवून झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी जुन्या नाट्यगीतांची सीडी लावली, एक पद ऐकलं आणि म्हणाले, “अरे, हे बुवा खोक्यात बसून गातायत का?”

तेव्हा मी सेटला शिव्या घातल्या. दोष सेटचा होताच, पण अर्धा. उरलेला अर्धा त्याच्या खानदानाचा. नावातच थिएटर आहे, तेव्हा ते थिएटरचं पोर. घरी बसून ऐकण्याचा स्टिरिओ वेगळ्या वळणाने वाढला.

गंमत अशी, की दोघांचा मूळपुरुष एकच. ॲलन ब्लमलाइन हा लंडनजवळ हेज इथे ईएमआय या रेकॉर्ड कंपनीत काम करणारा इंजिनिअर. बायकोबरोबर सिनेमाला गेला असताना नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं, अशी हकीकत सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. दोन आवाज कसे टिपायचे, दोन स्पीकरवर कसे वाजवायचे आणि रेकॉर्डच्या एकाच खाचेत दोन्ही कसे कोरायचे, हे सगळं त्यात होतं. स्टिरिओ हा शब्द तो वापरत नसे, ‘बायनॉरल’ म्हणे. १९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत टॉमस बीचम मोझार्टच्या सिंफनीची तालीम घेत होते, तीही त्याने या पद्धतीने मुद्रित केली. मग महायुद्ध आलं. विमानातल्या रडारची चाचणी चालू असताना ७ जून १९४२ ला विमान कोसळलं आणि ब्लमलाइन गेला, अवघ्या ३८ व्या वर्षी. स्टिरिओ रेकॉर्ड दुकानात यायला १९५८ उजाडलं.

त्याच काळात अमेरिकेत बेल लॅब या टेलिफोन-संशोधन संस्थेचे लोक तीन आवाजांवर पोचले होते. २७ एप्रिल १९३३ ला फिलाडेल्फियात ऑर्केस्ट्रा वाजत होता आणि वॉशिंग्टनच्या सभागृहात लोक तो टेलिफोनच्या तारांवरून ऐकत होते: डावा, मधला, उजवा. मोठ्या सभागृहात मधला हवाच. कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि सगळा वाद्यवृंद त्या कोपऱ्यात गोळा झाल्यासारखा वाटतो. घरी मात्र दोनावर भागवलं गेलं. आपण समजतो दोन कान म्हणून दोन स्पीकर; पण रेकॉर्डच्या खाचेला भिंती दोनच असतात, याचा त्यात मोठा वाटा आहे.

दोन स्पीकरांची जादू एका अटीवर चालते. ऐकणारा आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. मग दोन्हीकडून सारखाच आलेला गायकाचा आवाज बरोबर मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून ऐकू येतो. तंबोरे त्याच्या मागे, तबला एका हाताला, पेटी दुसऱ्या. एक फूट बाजूला सरका, बैठक मोडते. म्हणजे स्टिरिओ एका माणसाच्या सोयीची गोष्ट आहे आणि थिएटरला हजार माणसं सांभाळायची असतात.

सिनेमाने म्हणून मधला आवाज कधी सोडला नाही. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला तो चार चुंबकीय ट्रॅक घेऊन: पडद्यामागे तीन आणि प्रेक्षकांसाठी एक. आपल्याकडे या प्रकाराचा खरा धक्का बसला तो १९७५ मध्ये, ‘शोले’च्या ७० एमएम प्रिंटने. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. नाणं उडवल्यावर ते कुठे पडलं म्हणून लोक खुर्चीखाली बघत, ही गोष्ट मी किमान तीन वेगवेगळ्या काकांकडून ‘स्वतः पाहिलेली’ म्हणून ऐकली आहे. पुढे त्याच लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून सुटे पार्ट आणून अर्ध्या मुंबईने घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडले, हाही योगच.

चुंबकीय ट्रॅक महाग पडत. १९७० च्या दशकाच्या मध्यावर डॉल्बीने तोड काढली. फिल्मच्या कडेला असलेल्या दोन प्रकाशट्रॅकमध्येच चार आवाज गुंडाळून बसवायचे. जे दोन्ही ट्रॅकवर अगदी सारखं ते मधल्या स्पीकरला, जे एकमेकांच्या उलट ते मागच्या भिंतीला. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने ही पद्धत गाजवली. व्हिडिओ कॅसेटवरही आवाजाचे ट्रॅक दोनच, त्यामुळे ती घरात शिरायला वेळ लागला नाही. १९८२ मध्ये डॉल्बी सराउंड, १९८७ मध्ये प्रो लॉजिक. या दुसऱ्याने घरात मधला स्पीकर आणला.

बाबांचे बुवा इथेच खोक्यात बसले.

प्रो लॉजिकचा नियम एवढाच, की दोन्हीकडे सारखं असेल ते मध्ये पाठव. सिनेमात तो संवाद असतो. पण जुनी रेकॉर्ड मोनो. म्हणजे तिच्यात सगळंच दोन्हीकडे सारखं. आवाज, पेटी, तबला, सारंगी, सगळी बैठक त्या यंत्राने इमानेइतबारे उचलून टीव्हीखालच्या वीतभर स्पीकरमध्ये कोंबली. स्टिरिओ गाण्यातही गायक बहुधा मधोमध ठेवलेला असतो, म्हणून गायक खोक्यात आणि साथीदार बाहेर अशी विचित्र मैफल भरते. जिम फॉसगेट यांनी घडवलेल्या प्रो लॉजिक २ मध्ये, २००० साली, संगीतासाठी वेगळा मोड दिला गेला. आमच्या सेटमध्येही होता असणार. पण रिमोटवरचं ते बटण कोण दाबतो! वास्तविक पहिली आणि फुकट दुरुस्ती तिथेच आहे: गाणं लावताना ‘स्टिरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’. मला ते कळायला चार वर्षं लागली.

मधल्या काळात ५.१ हा आकडा आला. तो १९८७ मध्ये टॉमलिन्सन होलमन यांनी सिनेमाच्या तंत्रज्ञांच्या बैठकीत सुचवला. पाच पूर्ण आवाज आणि फक्त खर्जासाठी एक तुकडा, म्हणून पॉइंट वन. या तुकड्याला इतरांपेक्षा १० डेसिबल जास्तीची मोकळीक असते, कारण तो स्फोटांसाठी आहे. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं, दशकाच्या शेवटी डीव्हीडीबरोबर घराघरात. आपल्याकडे मात्र आधी व्हीसीडी होती, आणि व्हीसीडीत आवाज दोनच. तरी पुण्यात तपकीर गल्लीत ‘फाय पॉइंट वन’ अ‍ॅम्प धडाक्यात विकले जायचे. आत त्याच दोन आवाजांची सहा ठिकाणी वाटणी. वर निळे दिवे आणि हजारांत लिहिलेले पीएमपीओ वॅट, ज्यांचा प्रत्यक्ष ताकदीशी संबंध निवडणुकीतल्या आश्वासनाइतका.

पण खऱ्या ५.१ सेटमध्येही गाणं पडायचं, त्याचं कारण खोक्याचा आकार. खोल खर्ज, लहान खोकं आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतले दोनच एका वेळी मिळतात. दिवाणखान्यात पाच मोठे स्पीकर कोणाच्याही घरी चालणार नाहीत (आमच्या आईने दोनालाच हरकत घेतली होती). म्हणून खर्ज काढून एका वेगळ्या पेटीत ठेवायचा आणि बाकीचे स्पीकर मुठीएवढे करायचे, हा उपाय १९८० च्या दशकाच्या अखेरीस लोकप्रिय झाला. कल्पना वाईट नाही. साधारण ८० हर्ट्झच्या (सेकंदाला ८० कंपनांच्या) खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, तेव्हा पेटी सोफ्यामागे ठेवली तरी चालते. होलमन यांच्याच टीएचएक्सने, म्हणजे सिनेमाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या पद्धतीने, ८० हा आकडा रूढ केला.

स्वस्त सेटमधला स्पीकर तीन इंची. तो ८० पर्यंत उतरतच नाही, १५० च्या आसपासच दमतो. मग कंपनी वूफर आणि स्पीकर यांच्यातली वाटणीची रेघ वर सरकवते. आता हार्मोनियमच्या भाषेत बघू. काळी एक या स्वराचा पुरुष गायकाचा सा साधारण १३९ हर्ट्झवर असतो, मंद्र पंचम १०४ वर. रेघ १५० वर असेल, तर बुवांचा सा आणि त्याखालचा सगळा मंद्र सप्तकाचा आलाप मूळ स्वरासकट कोपऱ्यातल्या वूफरमधून येणार, आणि मध्य सप्तकातल्या शुद्ध रिषभापासून पुढचं गाणं टीव्हीशेजारून. गळा एक, वाजतो दोन ठिकाणी. शिवाय सब-वूफर स्फोटांच्या हिशेबाने चढवून ठेवलेला. गाण्याच्या सीडीत तो पॉइंट वनचा तुकडा नसतोच. वूफरकडे जातो तो गाण्याचाच खर्ज. तो दुपटीने घुमतो आणि डग्गा ढोलासारखा ऐकू येतो.

दुसरी फुकट दुरुस्ती म्हणून वूफरची: गाण्यासाठी त्याची पातळी उतरवायची, आणि त्याला कोपऱ्यातून बाहेर काढायचं. आपली दहा बाय बाराची खोली स्वतःच एक वाद्य आहे. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज ठाण मांडतो, बारा फुटांत ४७ च्या. कोपरा हे सगळे घुमारे एकदम जागे करतो. जागा शोधायची जुनी रीत हास्यास्पद आहे पण चालते. वूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, खर्ज असलेलं गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीकडेने रांगायचं. जिथे स्वर न्‌ स्वर सुटा ऐकू येईल तिथे वूफर ठेवायचा. मी रांगत असताना शेजारच्या काकू दही मागायला आल्या होत्या. माझा वूफर शेवटी टीव्ही आणि डाव्या स्पीकरच्या मध्ये आला, भिंतीपासून हातभर पुढे. गळा पुष्कळ जुळला.

समोरचे दोन स्पीकरही शोकेसच्या कप्प्यातून काढून कानाच्या उंचीवर आणले. दोन्हींपासून डोक्यापर्यंतचं अंतर शिंप्याच्या टेपने मोजून सारखं केलं. आवाजाला ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद लागतो आणि डावी-उजवीकडे एवढा फरकसुद्धा गायकाला मधून हलवतो. काही रिसिव्हरांबरोबर (होम थिएटरच्या मोठ्या अ‍ॅम्पबरोबर) छोटा माइक येतो आणि यंत्र हे सगळं स्वतः मोजतं. त्या तंत्रातली ऑडिसी ही नावाजलेली कंपनी काढणाऱ्यांतही होलमन आहेतच. आमच्या सेटला माइक नव्हता. टेप होती.

पैसे खर्च करायची वेळ आली तेव्हा मी आधी चूक केली. समोरचे दोन स्पीकर बदलायचे ठरवून आठ ओहमची (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचं माप) जोडी आणली आणि सेटच्या जुन्या वायरी त्यांना जोडल्या. पेटवलं तर आवाज पूर्वीपेक्षाही बारीक. अशा सेटचे स्पीकर बहुधा तीन-चार ओहमचे असतात, अ‍ॅम्प त्याच मापाने बनवलेला. आठवर त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. अ‍ॅम्प जळत नाही, पण मजाही येत नाही. उलटा प्रयोग, म्हणजे तीन ओहमचे स्पीकर आठच्या रिसिव्हरला लावणं, मात्र अ‍ॅम्पच्या जिवावर बेतू शकतं.

सुटका झाली ती अ‍ॅम्पच वेगळा घेतल्याने. याचीही कुळकथा आहे. ट्रायपाथ नावाच्या अमेरिकन कंपनीने क्लास-डी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या आणि कमी तापणाऱ्या जातीची चिप बनवली होती. ती घालून सॉनिक इम्पॅक्टने साधारण २००४ च्या सुमारास प्लॅस्टिकच्या डबीतला, पेन्सिल सेलवरही चालणारा टी-अ‍ॅम्प चाळीस डॉलरच्या आत विकला. हौशी लोक त्याची तुलना महागड्या अ‍ॅम्पशी करू लागले. ट्रायपाथ २००७ मध्ये बुडाली, पण वाट मोकळी झाली. आज टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ या चिपवरचे हातभर काय, तळहाताएवढे अ‍ॅम्प सहज मिळतात. मी तपकीर गल्लीतून तसाच एक घेतला, लॅपटॉपच्या जुन्या अ‍ॅडॉप्टरवर चालवला, आणि तीच आठ ओहमची जोडी त्याला लावली. त्या स्पीकरांच्या आतलेच वूफर साडेपाच इंची आहेत. ७० च्या खालपर्यंत जातात, म्हणजे मंद्र पंचमासकट सगळा आलाप एकाच खोक्यातून. सब-वूफर गाण्याच्या वेळी बंदच असतो.

सिनेमाला जुना सेट, गाण्याला डबी, असं आता चाललंय. टीव्हीखालचा मधला स्पीकरही अजून आहे. क्रिकेटच्या कॉमेंटरीला तो फार छान वाजतो.