पश्चात्ताप (ख्रिस्ती साधना)

देवाच्या हाकेला ओ देऊन आपल्या जगण्याची दिशा बदलणे, याला ख्रिस्ती परंपरेत पश्चात्ताप म्हणतात. मराठी शब्दात आधी ‘ताप’ ऐकू येतो, झाल्या गोष्टीची जळजळ. मूळ शब्दांचा रोख निराळा आहे. जुन्या करारातला हिब्रू ‘शूव’ म्हणजे मागे फिरणे, वाट चुकलेल्याने घराकडे वळणे. नव्या करारातला ग्रीक ‘मेटानोइया’ म्हणजे मनाचा पालट. नुसती हळहळ म्हणजे पश्चात्ताप नव्हे, हे पाळक उपासनेत पुन्हा पुन्हा सांगतात ते यासाठीच.

पहिले पाऊल देवाचे असते. जुन्या करारातला बाल शमुवेल रात्री हाक ऐकून तीनदा याजक एलीकडे धावतो. हाक कोणाची, हे कळल्यावरच ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ हे त्याच्या तोंडून येते. यरीहोचा जकातदार जक्कय उंबरावर चढून बसलेला असतो. येशू खालून त्याला नावाने हाक मारतो आणि त्याच्या घरी उतरतो. मग जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला आणि लुबाडलेले चौपट परत करायला तयार होतो. शुभवर्तमानात त्याच्या अश्रूंचा उल्लेख नाही, परतफेडीचा हिशेब मात्र आहे.

कॅथलिक पंथात धर्मगुरूपाशी पापांची कबुली देण्याचा संस्कार आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वैयक्तिक प्रार्थना आणि मंडळीपुढे दिलेली साक्ष यांवर भर असतो. श्रद्धावंताचे सबंध आयुष्यच पश्चात्ताप असावे, हे प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन लूथर याच्या १५१७ मधील प्रबंधांपैकी (वादासाठी मांडलेल्या विधानांपैकी) पहिल्याच प्रबंधाचे म्हणणे.

नाशिकमध्ये देवाला शरण येण्याच्या या कल्पनेला ‘शरणपूर’ हे गावनावच मिळाले. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील मिशनरी संस्थेने १८५४ मध्ये ही वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही पुढे इथे शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शवपेटीसोबत लंडनपर्यंत गेला. अशा मुलांसाठी शरण येणे म्हणजे आधी आसरा मिळणे होते, आणि हा अर्थही पश्चात्तापात धरायला हवा. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. तिथे ख्रिस्तेतर भाविकही मेणबत्त्या घेऊन रांगेत उभे असतात. बरेच जण नवसाला येतात. नवसात माणूस देवाकडे मागतो, पश्चात्तापात देवाच्या मागण्याला उत्तर देतो. पण एकाच रांगेत उभ्या माणसाच्या मनात दोन्ही असू शकतात.

पालट हळूहळू कसा होतो, याचा मराठीतला सर्वांत प्रांजळ दाखला ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचा. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके कडक, की घरात येणारे जिन्नससुद्धा धुऊन घेतले जात. पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई दुःखाने कोसळल्या आणि काही काळ त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे वेगळेच ठेवले. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, ही खात्री पटली तेव्हा त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, पतीच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी झालेला.