प्लगचे आटे आणि ‘हेलिकॉइल’ या शब्दाचा घोळ

बिडाच्या सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणात, स्पार्क प्लगचे आटे सहसा जात (झिजून निकामी होत) नसत. १९४१ पासूनच्या विलिस जीपला असंच हेड होतं. गेलेच आटे, तर भोक वाढवून १४ ऐवजी १८ मिमीचा प्लग बसवायचा आणि गाडी पुन्हा चिखलात घालायची.

खरा त्रास अ‍ॅल्युमिनियमच्या हेडबरोबर आला. १९७० च्या रेंज रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन तर ब्लॉकसकट अ‍ॅल्युमिनियमचं. हा धातू मऊ, आणि तापला की पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतो. त्यात एखाद्या हेडमध्ये १९ मिमी लांबीच्या आट्यांच्या प्लगजागी १२.७ मिमीचा आखूड प्लग कुणीतरी लावून ठेवलेला असतो. खालचे उघडे आटे काजळीने भरतात. पुढे योग्य लांबीचा प्लग त्यात रुततो आणि काढताना आटे सोबत घेऊन येतो. आधी कर्रकर्र आवाज, मग पाना अचानक हलका, आणि हातात आलेल्या प्लगभोवती चांदीच्या तारेसारखी गुंडाळलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. हे एकदा पाहिलं की विसरत नाही.

यावरच्या दुरुस्तीला सगळेच ‘हेलिकॉइल मारणं’ म्हणतात, आणि घोळ इथेच आहे. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग. तारेचा छेद शंकरपाळ्यासारखा, त्यामुळे बाहेरून हेडचे आटे आणि आतून प्लगचे आटे एकाच तारेवर. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांमध्ये ती सर्रास वापरली गेली. मऊ धातूत पक्के आटे मिळावेत हाच उद्देश होता. ती कल्पना चोखच आहे. स्टड आणि बोल्टसाठी आजही तिला तोड नाही.

पण प्लग वरचेवर काढला जातो. काजळीने प्लग चिकटला, की कॉइल उलगडून त्याच्याबरोबर बाहेर येऊ शकते. म्हणून नंतर पातळ भिंतीचं अखंड पोलादी बुश आलं: आतून-बाहेरून आटे, वर कॉलर. हेडमध्ये त्या कॉलरपुरता खळगा पाडतात आणि कॉलर त्यात बसते. बुश खाली सरकत नाही, वॉशरला सपाट बैठक मिळते. काही बुशांचे तळाचे आटे बसवतानाच बाहेर दाबले जातात, मग ते फिरत नाही. खळगा चुकीच्या खोलीचा झाला तर प्लगचं टोक वरखाली होतं, तेवढं सांभाळावं लागतं. प्लगसाठी बुशच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गॅरेजवाला ‘हेलिकॉइल मारतो’ म्हणाला तर तार की बुश, हे आधी विचारावं. गाडीमालक एक समजतो आणि हेडमध्ये दुसरंच जातं.

हेड उतरवायचं की नाही, हा वाद त्यामानाने अलीकडे सौम्य झालाय. पूर्वी आटे पाडताना निघणारा धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडेल या भीतीने हेड उतरवायचेच. गॅसकेट, बोल्ट, वेळ, सगळंच वाढायचं. पहिले दोन-तीनच आटे खराब असतील तर आतून फुगणारा, खालून वर आटे साफ करत येणारा टॅप (आटे पाडायचं हत्यार) पुरतो, कारण कीस बाहेरच ओढला जातो. पूर्ण बुश बसवताना टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, पाऊण फेरा पुढे, पाव मागे, आणि दर थोड्या वेळाने टॅप काढून पुसायचा. आता प्लगच्या भोकातून जाणारे बारीक कॅमेरेही आलेत. पिस्टनच्या माथ्यावर एखादा चमकता कण राहिलाय का, ते स्टार्टर मारण्याआधी डोळ्यांनी दिसतं. दिसलाच, तर ग्रीस लावलेल्या काडीने तो उचलून घ्यायचा.