घड्याळाकडे पाहून द्यायची गोळी

"दुखलं की सांगा, मग गोळी देते." कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला घरचं कुणीतरी हे अगदी मायेनं म्हणतं. मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या जबर वेदनाशामकाच्या बाबतीत मात्र चूक इथेच होते.

मॉर्फिनची साधी गोळी अर्ध्या तासात लागू पडते आणि चारेक तास टिकते. वेदनेचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो, तो ती वाटेतच अडवते. पण कळ एकदा शिगेला पोचली की तीच मात्रा पुरत नाही. म्हणून गोळी घड्याळाप्रमाणे, दुखत नसलं तरी. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस डॉक्टर लिहून देतात, बहुधा दिवसभराच्या मात्रेचा सहावा भाग. दिलेला प्रत्येक जादा डोस वहीत वेळेसकट लिहा. पुढची मात्रा त्यावरूनच ठरते.

"मॉर्फिन म्हणजे आता संपलंच ना?" परळच्या टाटा रुग्णालयात येणारे नातेवाईकही या भीतीने गोळी लांबवतात, आणि माणूस विनाकारण तळमळतो. भीती असते श्वास थांबण्याची. थोड्या मात्रेपासून सुरू करून बेताबेतानं वाढवली तर तसं क्वचितच होतं, आणि त्याआधी गुंगी वाढत जाते. हाक मारूनही माणूस जागा होत नसेल, श्वास फार मंदावला असेल, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. मूत्रपिंडं कमजोर असतील तर औषध अंगात साचतं, म्हणून तसं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. झोपेची गोळी किंवा दारू सोबत नकोच. आणि गोळी मनाने एकदम बंदही करू नका; त्यानं होणारा त्रास म्हणजे व्यसन नव्हे.

मळमळ चार-सहा दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही, कारण मॉर्फिन आतड्यांची हालचालही मंदावतं आणि आतडी त्याला सरावत नाहीत. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. ते विसरल्याने पोट फुगून हैराण झालेली माणसं गोळीच नको म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

१९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने कित्येक रुग्णालयं मॉर्फिन ठेवतच नसत. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांचं जंजाळ कमी केलं. वांद्र्याचं शांती अवेदना सदन तर १९८६पासून अशा रुग्णांची सेवा करतंय.

शेवटच्या दिवसांत गिळता येईनासं होतं, वेदना मात्र असतेच. तेव्हा हेच औषध बारीक सुईने कातडीखाली देता येतं. ते कोण देणार, कुणाला फोन करायचा, हे आधीच विचारून ठेवा. ऐन रात्री चाळीच्या जिन्यात उभं राहून नंबर शोधायची वेळ येऊ नये.