प्रकल्पग्रस्त (नवी मुंबई)

प्रकल्पग्रस्त : सार्वजनिक कामासाठी सरकारने जमीन, घर किंवा पोटापाण्याचे साधन संपादन केलेल्या माणसासाठीची शासकीय संज्ञा. धरण, बंदर, कारखाना, रस्ता अशा कोणत्याही प्रकल्पाच्या संदर्भात ती राज्यभर वापरली जाते. पण ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ज्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसली, तिथे हा शब्द लोकांची ओळखच होऊन बसला आहे. नोकरीच्या अर्जात, निवडणुकीच्या सभेत, सोयरिकीच्या बोलण्यात तो येतो, आणि अभिमान व दुखणे दोन्ही एकाच वेळी सांगतो.

शब्दाची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्याच मालिकेतला हा शब्द. पूर कोणी आणलेला नसतो. जमीन संपादनाला मात्र अधिसूचना असते, तिच्याखाली सही असते आणि त्या सहीमागे कायद्याचे बळ असते. ‘ग्रस्त’ म्हटले की हे सारे आड होते. गावातली बोलीही तशीच वळली : ‘आमची जमीन सिडकोत गेली’ असे म्हणतात (सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ), ‘घेतली’ क्वचितच. करणाऱ्याचे नाव वाक्यातून निसटते. सत्तेचा सगळ्यात खोल ठसा इथे, भाषेत उमटलेला दिसतो.

मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. त्याआधीच ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी जाऊ लागल्या होत्या. नव्या शहराचे क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांत पसरलेले. भातशेती, खाजण, मिठागरे, खाडीची मासेमारी यांवर जगणारे आगरी, कोळी, कराडी हे इथले मुख्य समाज. संपादन झाले ते १८९४च्या, म्हणजे ब्रिटिश अमदानीतल्या, भूसंपादन कायद्याच्या अधिकारात. ‘सार्वजनिक प्रयोजन’ या दोन शब्दांवर मालकाचा नकार गौण ठरत असे. भांडता यायचे ते मोबदल्यावर.

गावातल्या माणसासाठी ही सत्ता दिसली ती तलाठ्याच्या दप्तरात. फेरफार नोंद होते, सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाला कंस पडतो आणि त्याखाली नवा धारक येतो. नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात. ते वाचता येते, पण ते आता मालकाचे नाव उरलेले नसते. असे जुने उतारे आजही अनेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीत, देवघराच्या फळीवर जपून ठेवलेले असतात.

हा भाग मुकाट सोसणाऱ्यांचा नव्हता. उरण तालुक्यातल्या चिरनेरने १९३० मध्ये जंगल सत्याग्रह केला होता. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे खोतांविरुद्ध संप चालवला, जमिनी पडीक ठेवल्या. खोताशी झगडायला शिकलेल्या लोकांसमोर आता सरकार होते. शेतकरी कामगार पक्षाचे दिनकर बाळू पाटील, सर्वांचे ‘दि. बा.’, यांनी ही लढाई उभी केली. ते जासईचे, पनवेलचे पाच वेळा आमदार आणि कुलाब्याचे (आजच्या रायगडचे) दोनदा खासदार. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी मारले गेले. आजही दर १६ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी लोक जासईला जमतात.

माझ्या मते ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाचा अर्थ इथे उलटला. सरकारने फाइलीच्या सोयीसाठी दिलेले नाव लोकांनी अंगाखांद्यावर घेतले. आगरी आणि कोळी, पनवेलचा आणि उरणचा, शेकापचा आणि काँग्रेसचा हे भेद बाजूला ठेवून उभे राहता येईल अशी जागा या शब्दाने दिली. ‘भूमिपुत्र’ हा त्याचा जोडशब्द. पहिल्यात तक्रार आहे, दुसऱ्यात हक्क. सभेत दोन्ही एका दमात येतात.

या लढ्याचे फळ म्हणजे साडेबारा टक्के योजना. १९९० च्या दशकात अमलात आलेल्या या योजनेनुसार संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला मिळू लागला. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के कपात होते, म्हणून हातात ८.७५ टक्के पडतात. तेही साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. बोलीभाषेत टक्के गळून पडले; ‘आमची साडेबारा अजून बाकी आहे’ असे लोक म्हणतात. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी उठलेल्या गावांना साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज मिळाले आणि त्यांच्यासाठी पुष्पकनगर वसले. प्रकल्पग्रस्तांतही मग साडेबारावाले आणि साडेबावीसवाले अशी पायरी तयार झाली.

खरी उलथापालथ घरात झाली. शेत होते तेव्हा चार भाऊ एकाच बांधावर राबत; वाटणीची घाई नसे, कारण वाटणीने कोणाच्याच पोटाला पुरणार नव्हते. भूखंडाला बाजारभाव असतो. भूखंड देऊ करणारे इरादापत्र आले की वारसदाखला लागतो आणि वारसदाखल्यात बहिणींची नावे येतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना मात्र तेव्हा त्यातून वगळले. वारस म्हणून वडिलांच्या हिश्श्यात त्यांनाही वाटा होता, म्हणून सही सगळ्याच बहिणींची लागते. त्यामुळे भाऊबीज, गौरी-गणपती या माहेरच्या सणांना हक्कसोडपत्राचा विषय निघू लागला. ओवाळणीच्या ताटाशेजारी स्टॅम्प पेपर ठेवलेला असतो. बहीण सही करते, कारण सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती असते. जिने केली नाही तिच्या घरी पुढच्या वर्षी बोलावणे जात नाही. सरकारने बापाचे नाव कंसात टाकले तेव्हा त्याला नोटीस तरी आली होती. बहिणीच्या वाट्याला तेवढेही येत नाही, प्रेमाची भाषा येते. शासनाकडून झालेल्या अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या समाजाने आपल्या घरातल्या या सत्तेकडे अजून तेवढ्या निडरपणे पाहिलेले नाही.

दुसरी उणीव व्याख्येतच आहे. सातबारा असेल तो प्रकल्पग्रस्त, ही मूळ चौकट. खाडीला सातबारा नसतो. दिवाळे, सारसोळे, करावे इथल्या कोळ्यांच्या जाळ्यात येणारी मासळी भरावाने आणि सांडपाण्याने कमी झाली, पण कागदावर त्यांचे काही ‘गेले’ नव्हते. मिठागरात हंगामभर राबणारे मजूर, दुसऱ्याच्या शेतावर जगणारी कुटुंबे यांचीही हीच गत. त्यांना नुकसानभरपाईच्या आधी आपले नुकसान झाले हेच सिद्ध करावे लागले. ज्याच्याकडे व्याख्या करण्याचा अधिकार, तोच कोणाचे दुःख मोजायचे हे ठरवतो.

गावठाणांबाहेरच्या घरांचा वाद याच जातीचा. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द तेवढीच राहिली. लोकांनी लगतच्या, पूर्वी आपल्याच असलेल्या, जमिनीवर घरे बांधली. नियोजन प्राधिकरण त्यांना अनधिकृत म्हणते, ग्रामस्थ ‘गरजेपोटीची घरे’. भिंत तीच असते. ती नियमित करण्याचे शासननिर्णय वेळोवेळी निघाले आणि ‘गरजेपोटी’ हा गावातला शब्द सरकारी कागदात शिरला. मंत्रालयाच्या भाषेत आपला शब्द घुसवणे हा लहान विजय नाही. मात्र याच शब्दाच्या आडोशाने भाड्याच्या चाळी आणि बहुमजली इमारतीही उठल्या, हेही खरे.

नावांचा झगडा रोजच्या पत्त्यातही चालू असतो. ‘वाशी, सेक्टर १७’ आणि ‘वाशीगाव’ हे पत्ते चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण आधी असलेल्यालाच आपल्यापुढे ‘गाव’ जोडावे लागते. विमानतळाच्या नावावरून २०२१ च्या जूनमध्ये झालेली मानवी साखळी आणि सिडकोला घातलेला घेराव या पार्श्वभूमीवर पाहावा. दि. बा. २०१३ मध्ये गेले होते. त्यांचे नाव विमानतळाला द्यावे म्हणून भर पावसाळ्यात, करोनाच्या काळात हजारो लोक उतरले, त्यांत गोळीबारानंतर जन्मलेले पुष्कळ होते. जुलै २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘लोकनेते दि. बा. पाटील’ हे नाव देण्याचा निर्णय घेतला.

विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ (नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र) या भागासाठी २०१३ मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. तिथे पद्धत बदलली : नगररचना परियोजनेत जमीन एकत्र करून मालकाला ४० टक्क्यांचा अंतिम भूखंड परत दिला जातो. पनवेल तालुक्यातल्या अनेक गावांचा तिला विरोध आहे. उरलेल्या ६० टक्क्यांना काय म्हणायचे, याला तिथल्या बोलीत अजून जुनाच शब्द आहे : गेली.