चांदीच्या चमच्यावरचे ठसे आले कुठून?

इंग्लंडमधल्या जुन्या चांदीच्या चमच्याची दांडी उलटी केली की चार-पाच बारीक ठसे दिसतात. त्यांच्या मुळाशी अविश्वास आहे. चांदीत तांबे किती मिसळले, हे गिऱ्हाइकाला नुसत्या नजरेने कळत नाही. त्यामुळे 1300 साली राजा पहिल्या एडवर्डने कायदाच केला: हजारात 925 भाग शुद्ध चांदी हवी, आणि टंच काढून खऱ्या ठरलेल्या मालावर बिबट्याच्या तोंडाचा छाप हवा.

कारागिराचा स्वतःचा ठसा 1363 मध्ये सक्तीचा झाला. संग्राहक आज त्याला कलावंताची सही मानतात, पण हीण निघालेच तर कोणाला धरायचे, यासाठी तो होता. 1478 पासून लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, म्हणजे सोनारांच्या संघाच्या वास्तूत, तपासणी होऊ लागली आणि सालाचे अक्षर आले: दर वर्षाला वेगळे अक्षर. त्यावरून टंच काढणारा अधिकारीही सापडे. चालत्या सिंहाचा ठसा 1544 चा.

सगळ्यात मोठी उलथापालथ 1697 ची. लोक नाणी कातरून, वितळवून त्यांची भांडी करत होते. संसदेने भांड्यांचा कस नाण्यांपेक्षा वर, 958 वर नेला. सिंहाच्या जागी ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती, आली आणि कारागिराच्या ठशात आडनावाची पहिली दोन अक्षरे. 1720 मध्ये जुना कस परतला. 1739 च्या कायद्याने सगळ्यांना नवे ठसे करायला लावले, नाव-आडनावाच्या आद्याक्षरांचे. 1784 पासून 1890 पर्यंत राजा वा राणीचे मुखही दिसते, ती कर भरल्याची खूण.

आद्याक्षरांमागची माणसे मला अधिक मोलाची वाटतात. लंडनमध्ये चांदीकाम करणाऱ्या हेस्टर बेटमनचा नवरा 1760 मध्ये वारला. तिला लिहिता येत नव्हते, तरी पुढच्याच वर्षी तिने वळणदार 'एच. बी.' ठसा नोंदवला, आणि 1790 मध्ये मुलांच्या हाती सोपवेपर्यंत कारखाना चालवला. अर्थात हा ठसा असलेला प्रत्येक चमचा तिनेच ठोकला असे नाही. जबाबदारी मात्र तिची.

साधारण 1780 पर्यंत ठसे दांडीच्या अरुंद भागात, वाटीजवळ मारत. नंतर चमचा ठोकून घडवताना ते चेपत, म्हणून त्या काळचे अक्षर नीट लागत नाही. पुढे ते दांडीच्या रुंद टोकाकडे सरकले आणि वाचायला सोपे झाले.