पान्यावर उभं राहून नट आवळू नका

जळगाव-धुळ्याकडे जुन्या गाडीचं चाक बसवताना पान्यावर पाय देऊन उभं राहायची पद्धत पडली आहे. 'जितका घट्ट, तितका पक्का' ही समजूत चुकीची आहे, आणि त्यामुळेच स्टड, म्हणजे ज्यांच्यावर चाकाचे नट बसतात ते बोल्ट, तुटतात.

हिशेब बघा. 60 किलोचा माणूस अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर उभा राहिला की नटावर जवळपास 300 न्यूटन-मीटर जोर येतो. छोट्या गाड्यांना साधारण 100 च्या आसपास लागतो. स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणून चाक दाबून धरतो. मर्यादेपलीकडे ताणला की पुन्हा आखडत नाही. आट्यांना तेल लावलं तर तेवढ्याच जोरात ताण आणखी वाढतो, म्हणून फक्त तारेचा ब्रश मारा.

एक तुटला असेल तर त्याच चाकाचे बाकीचेही बदला, तेही तेवढेच ताणले गेलेले असतात. उचललेली गाडी लोखंडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर कधीच नको. नवा स्टड हातोड्याने ठोकू नका, हादरा बेअरिंगला बसतो. तो हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मागून घाला, पुढून तीन-चार जाड वॉशर आणि जुना नट सपाट बाजू आत करून लावा, मग नट आवळत स्टड हळूहळू ओढून घ्या. स्टडचा दातेरी भाग भोकात रुतताना पाना जड होत जातो, आणि डोकं मागे टेकलं की एकदम अडतो. तिथेच थांबा.

नट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते कळणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. 50 ते 100 किलोमीटरनंतर, म्हणजे जळगावहून धुळ्याला पोहोचलात की, पुन्हा तपासा.