अठरा, सव्वीस की एकोणीस? न्यूट्रॉनच्या टकरांचं गणित

विखंडनातून, म्हणजे अणुकेंद्र फुटताना, सुटलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा सरासरी २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. मंदायकात, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग कमी करणाऱ्या पदार्थात (मॉडरेटरमध्ये), टकरा खात ती ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते. घट आठ कोटी पटींची. मंदायक निव्वळ हायड्रोजन असेल तर टकरा किती लागतील? पुस्तकी उत्तर १८. घाईने आकडेमोड केली तर २६. संगणकावर न्यूट्रॉन सोडून मोजलं तर १९.२.

प्रतिरूप अगदी छोटं आहे. अणुकेंद्र स्थिर आणि टक्कर लवचिक धरायची. वस्तुमानांकातून १ वजा करून आलेल्या संख्येला वस्तुमानांक अधिक १ ने भागायचं आणि वर्ग करायचा, हा अल्फा. हायड्रोजनसाठी तो ०, ड्यूटेरियमसाठी (जड हायड्रोजनसाठी) ०.१११, कार्बनसाठी ०.७१६. मग ० ते १ मधला यादृच्छिक आकडा 'र' घ्यायचा:

नवी ऊर्जा = जुनी ऊर्जा × [अल्फा + (१ − अल्फा) × र]

ऊर्जा ०.०२५ च्या खाली जाईपर्यंत हेच करत राहायचं.

हायड्रोजनशी टक्कर झाली की सरासरी निम्मी ऊर्जा उरते. त्यावरून आठ कोटीला २६ वेळा निम्मं करायचं, हा घाईचा हिशेब. पण घट गुणाकाराने साचते, म्हणून सरासरी लॉगरिथमची घ्यायला हवी. हायड्रोजनमध्ये दर टकरेला नैसर्गिक लॉगरिथम सरासरी १ ने उतरतो, आणि आठ कोटीचा लॉगरिथम १८.२. मग संगणक एक जास्त का सांगतो? न्यूट्रॉन नेमका सीमेवर थांबत नाही. शेवटची टक्कर त्याला सीमेपलीकडे बरंच खाली नेते. तीही मोजली की १९.२. प्रोग्रॅम तपासायला हा आकडा फार कामाचा आहे: १०,००० न्यूट्रॉनांची सरासरी १९.२ च्या आगेमागे ०.१ मध्ये बसायला हवी. १८.२ आली, तर शेवटची टक्कर मोजायची राहिली आहे. कार्बनमध्ये उडी लहान, दर टकरेला ०.१५८, म्हणून टकरा ११५-११६.

खरी गडबड तळाशी होते. काही इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली अणुकेंद्र स्थिर धरून चालत नाही. उष्णतेमुळे ते हलत असतं आणि न्यूट्रॉनला उलट ऊर्जा देऊही शकतं. वरचा नियम तसाच चालू ठेवला तर न्यूट्रॉन थंडच होत जातो, कुठे थांबत नाही. शिवाय पाण्यातला हायड्रोजन रेणूत बांधलेला असतो, त्यामुळे विकिरण छेद, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता दाखवणारं क्षेत्रफळ (एकक बार्न), २० बार्नवरून वाढतो. तिथे औष्णिक विकिरणाचे, म्हणजे अशा हलत्या-बांधलेल्या अणुकेंद्रांशी होणाऱ्या टकरांचे, तक्ते वापरावेच लागतात.

टकरा कमी म्हणजे मंदायक उत्तम, असंही नाही. हायड्रोजन औष्णिक (मंदावलेले) न्यूट्रॉन ०.३३ बार्न छेदाने गिळतो, ड्यूटेरियम फक्त ०.०००५. म्हणून २५ टकरा लागत असूनही जड पाण्यावर (ड्यूटेरियमच्या पाण्यावर) नैसर्गिक युरेनियमची अणुभट्टी चालते. कार्बनची अडचण वेगळी. युरेनियम-२३८ ६.६७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास न्यूट्रॉन अधाशासारखे शोषतं, आणि पावलं लहान असल्याने त्या अरुंद पट्ट्यात न्यूट्रॉन सापडण्याची शक्यता कार्बनमध्ये हायड्रोजनच्या सुमारे सहापट. १९४२ च्या शिकागोतल्या पहिल्या अणुभट्टीत युरेनियम ग्राफाइटमध्ये (कार्बनमध्ये) सरमिसळ न करता गोळ्यांच्या रूपात अंतराअंतरावर ठेवलं होतं, ते यासाठीच: बहुतेक न्यूट्रॉन हा पट्टा युरेनियमपासून दूर, ग्राफाइटमध्येच ओलांडतात.